जुन्या गाडीत किती वेग दडलेला असतो?



सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेने निघालात, की अक्कलकोट रोडच्या पुढे दुधनी लागते. पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द. इथे माणसे एक वाक्य मराठीत सुरू करतात आणि कन्नडमध्ये संपवतात. तुरीच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, हमालांची धावपळ चालते आणि हवेत तुरीच्या भुशाचा वास भरून राहतो. अशाच एका आडत दुकानामागे, कडुनिंबाखाली, गेली काही वर्षे एक मोटार उभी होती. रंग मुळात गडद लाल असावा. काचांवर बोटभर धूळ, चारही टायर अर्धे बसलेले, आणि मागच्या भागात रिकाम्या गोणपाटांचा ढीग.

माझा एक जुना विद्यार्थी आता ते दुकान सांभाळतो. बारावीला तो माझ्या वर्गात होता. चहा पिता पिता त्याने त्या गाडीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "सर, ही भंगारात द्यायची नाही. हिच्यात मोठं इंजिन बसवायचं ठरवलंय. एकशेसाठनं पळेल बघा."

मी गाडीकडे पाहिले. ती टाटा सिएरा होती.

तुमच्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली नसणार. २०२५ मध्ये हेच नाव एका नव्या गाडीला दिले गेले, पण ती वेगळी. जुनी सिएरा १९९१ मध्ये पुण्यात तयार झाली. त्या वेळी कंपनीचे नाव टेल्को होते. पूर्वी ही कंपनी रेल्वेची इंजिने बनवत असे, म्हणून नावात 'लोकोमोटिव्ह' हा शब्द होता. टाटामोबाइल नावाच्या मालवाहू पिकअपच्या सांगाड्यावर कंपनीने एक बंद गाडी उभी केली. बाजूंना फक्त दोन दारे, मागे सामानासाठी एक दार, आणि मागच्या बाजूंना छतापर्यंत वळत गेलेल्या मोठ्या, न उघडणाऱ्या काचा. मागच्या बाकावर बसायचे तर पुढची खुर्ची वाकवून आत शिरावे लागे. चार माणसांच्या कुटुंबाला ही कसरत मानवली नाही आणि सिएरा फारशी खपली नाही. २००३ च्या सुमारास ती बंद झाली.

इंजिन १९४८ घन सेंटिमीटरचे, डिझेलवर चालणारे, सुमारे ६३ अश्वशक्तीचे. आज याहून कितीतरी लहान गाड्यांतही यापेक्षा अधिक शक्ती असते. मग या गाडीत माझ्या विद्यार्थ्याला एकशेसाठचा वेग दिसला तरी कुठे?

खोऱ्यातल्या पोरांचा उद्योग

जुन्या गाडीत वेग पाहणारा तो काही पहिला नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात काही सुकलेली सरोवरे आहेत. त्यांचा तळ मैलोन् मैल सपाट आणि कडक. १९३० च्या दशकात तिथली तरुण मुले स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाड्या घेऊन त्या तळावर शर्यती लावू लागली. १९३७ मध्ये त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन एक संघटनाही स्थापन केली. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्यांच्या गाडीत बसवले होते. ही गाडी जुनी झाली की पोरे ती विकत घेत, चिखलरोधक काढत, बॉनेट काढत, मागचे बाक काढत, इंजिनाशी खटपट करत. अशा गाडीला 'हॉट रॉड' हे नाव पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर तर याची लाटच आली, कारण सैन्यात इंजिने दुरुस्त करायला शिकलेले हजारो तरुण घरी परतले होते.

पुढे या मंडळींची नजर दोन दारांच्या स्टेशन वॅगनवर गेली. स्टेशन वॅगन म्हणजे मुळात स्टेशनवर उतरलेली माणसे आणि त्यांच्या ट्रंका घरी पोचवणारी गाडी. आपल्याकडे हे काम टांग्याने केले. दोन दारांची वॅगन सिएराप्रमाणेच कुटुंबाला गैरसोयीची. त्यामुळे जुनी झाली की ती स्वस्त मिळे. आणि १९५५ मध्ये शेव्हरोलेने नोमॅड नावाची जी देखणी दोन-दारी वॅगन काढली, तिच्यात त्याच वर्षी आलेले ४.३ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन मिळत होते. म्हणजे वरून सामान वाहणारी गाडी, आत मात्र तालीमबाज.

आपल्याकडे या छंदाला मोकळी सरोवरे मिळाली नाहीत, पण छंद होताच. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर ज्या शर्यती होत, त्यांत फियाट ११०० धावत असे. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला, प्रीमियर कारखान्यात बने; तो कारखाना काढणारे वालचंद हिराचंद सोलापूरचे, हे जाता जाता सांगून ठेवतो. या फियाटला सुमारे ४० अश्वशक्तीच होती. पण वजन? सुमारे ९०० किलो. चालक बसला की एक टन धरा. टनामागे ४० अश्वशक्ती. सिएराचे वजन चालकासह १७०० किलो धरले तर टनामागे पडते ३७. ऐटदार सिएरापेक्षा मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी वजनाच्या मानाने अधिक बळकट होती! गाडीची चपळाई इंजिनाच्या एकट्या आकड्यावरून कळत नाही. त्या आकड्याला वजनाने भागावे लागते.

आधी काट्यावर

म्हणून मी विद्यार्थ्याला म्हटले, "इंजिन राहू दे. आधी गाडी काट्यावर घे."

बाजारगावात ट्रक तोलण्याचा वजनकाटा असतो, ही सोय तुमच्या प्रयोगशाळेत नाही. बाजार बंद होता त्या दिवशी सहा जणांनी ढकलत सिएरा काट्यावर नेली. रिकाम्या गाडीचे वजन भरले १६४० किलो. मग फक्त पुढची चाके काट्यावर घेतली : ९०० किलो. फक्त मागची : ७४० किलो. दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर टेपने मोजले, ते २४० सेंटिमीटर. आता आठवीतला तरफेचा नियम आठवा. गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून २४० × ७४० ÷ १६४०, म्हणजे सुमारे १०८ सेंटिमीटर मागे आला. पुढे जड डिझेल इंजिन, मागे जवळजवळ रिकामी पेटी. म्हणजे ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्या मागच्या चाकांवर वजन कमी. इंजिन आणखी मोठे, आणखी जड बसवले तर हा गुरुत्वमध्य आणखी पुढे सरकणार.

दुसरा प्रयोग दोरी आणि ताणकाट्याचा. विद्यार्थ्याला चालकाच्या जागी बसवले, गाडी न्यूट्रलमध्ये, आवारातली फरशी सपाट. दोन हमालांनी पुढच्या हुकाला दोरी बांधून गाडी सावकाश, सारख्या वेगाने ओढली आणि ताणकाटा वाचला. काटा दाखवत होता ४० किलो. मग टायरांत नेमून दिलेल्या दाबाइतकी हवा भरली, जॅक लावून एकेक चाक फिरवून पाहिले, अडकून बसलेला मागचा एक ब्रेक मिस्त्रींनी मोकळा केला. पुन्हा ओढले : २५ किलो.

थांबून विचार करा. इंजिनाला बोटही न लावता गाडीला अडवणारे बल ४० वरून २५ वर आले. ही पहिली सुधारणा जवळजवळ फुकट झाली. टायर लवचीक असतो. फिरताना त्याचा खालचा भाग दबतो आणि पुन्हा फुगतो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हवा कमी, तर दबणे जास्त. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला हे पायांनी माहीत असते.

एकशेसाठचा हिशेब

आता विद्यार्थ्याच्या स्वप्नाकडे वळू. ६३ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ४६ किलोवॅट. गिअर, दंड, मागच्या आसातले दाते यांत काही शक्ती खर्च होते. चाकांपाशी ३८ किलोवॅट पोचते असे धरू.

गाडीला अडवणारी बले मुख्यतः दोन. एक आपण आत्ताच ताणकाट्याने मोजले : २५ किलोभार, म्हणजे सुमारे २५० न्यूटन. ते वेगाबरोबर फारसे वाढत नाही. दुसरे हवेचे. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर हवेचा रोध चौपट. आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग, म्हणून हवा कापायला लागणारी शक्ती आठपट! सिएराची पुढची बाजू रुंद आणि उभट. तिचे क्षेत्रफळ २.४ चौरस मीटर आणि आकाराचा गुणांक ०.४५ असा अंदाज धरून मी फळ्यावर, म्हणजे दुकानातल्या भावफलकावर, हिशेब मांडला. ताशी १३० कि.मी. वेगाला चाकांपाशी एकूण ३७ किलोवॅट लागतात. आपल्यापाशी ३८ आहेत. याचा अर्थ गाडीची मूळची धाव तिथेच संपते.

ताशी १६० ला किती? ६३ किलोवॅट. इंजिनाने द्यायची शक्ती सुमारे १०५ अश्वशक्ती. वेग वाढला पावपटीहूनही कमी आणि शक्ती लागली दोन तृतीयांश अधिक. त्या वाढीचा बहुतेक भाग हवा बाजूला सारण्यात जाणार.

"मग टर्बो बसवू," विद्यार्थी म्हणाला. प्रश्न रास्त होता, कारण पुढच्या काळात याच इंजिनाला टर्बो जोडलेली सिएरा निघाली होती आणि तिची शक्ती ९० अश्वशक्तीच्या आसपास गेली होती.

टर्बो म्हणजे काय ते समजण्यासाठी इंजिनाला हवेचा पंप समजा. आपले इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेते असे धरा. चार धावांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा सगळे सिलिंडर भरतात. १.९४८ लिटर गुणिले २२५० म्हणजे मिनिटाला जवळजवळ ४४०० लिटर हवा! त्या हवेत जेवढा प्राणवायू, तेवढेच डिझेल नीट जळते. जास्त सोडले तर नुसता काळा धूर. टर्बो काय करतो? बाहेर पडणाऱ्या गरम वायूंनी एक चक्र फिरवतो, आणि त्याच दंडावरचे दुसरे चक्र आत जाणारी हवा दाबून भरते. सिलिंडर तेवढाच, पण त्यात हवेचे रेणू जास्त.

इथे आपल्या भागाची एक गंमत सांगतो. डिसेंबरातल्या पहाटे दुधनीत तापमान समजा १२ अंश आहे आणि मेच्या दुपारी ४२. केल्व्हिनमध्ये हे होतात २८५ आणि ३१५. दाब तोच असेल तर हवेची घनता तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे मे महिन्यात त्याच ४४०० लिटरांत हवा सुमारे साडेनऊ टक्के कमी. उन्हाळ्यात गाडी चढावर जड वाटते ते नुसते मनाचे खेळ नाहीत. टर्बोच्या इंजिनात दाबल्यामुळे तापलेली हवा आत जाण्यापूर्वी थंड करतात, तेही याच कारणासाठी.

तरीही टर्बोने हिशेब मिटत नाही. शर्यतवाले पाव मैलाचे, म्हणजे ४०२ मीटरचे अंतर घेतात आणि उभ्या गाडीपासून वेळ मोजतात. शक्ती सतत सारखी मिळाली तर मिळालेली गतिज ऊर्जा वेळेच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेग वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी यावरून अंतराचे सूत्र काढून पाहावे. उत्तर असे येते, की पाव मैलाला लागणारा वेळ (वस्तुमान ÷ शक्ती) याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी हे घनमूळ पुष्कळ गाड्यांच्या नोंदी ताडून प्रत्यक्षातही पाहिले आहे. आपल्या सिएराला हवेचा रोध नसता तर हे अंतर सुमारे २० सेकंदांत गाठता येते. इंजिनाची शक्ती दुप्पट केली, तर? दहा सेकंद नव्हे. २० भागिले १.२६, म्हणजे १६ सेकंद. लाखभर रुपये घालवून चार सेकंद!

भावफलकावरचा तो आकडा पाहून विद्यार्थी जरा खट्टू झाला. मिस्त्री मात्र हसत म्हणाले, "निधान, मालक, निधान." कन्नडमध्ये याचा अर्थ 'सावकाश'.

थांबण्याची बाजू

मी त्याला खरे अडवत होतो ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते कारण माझ्या डाव्या मनगटात आहे. वीस-बावीस वर्षांचा असताना मी एका जुन्या दोन धावांच्या मोटारसायकलचा वायू बाहेर जाण्याचा मार्ग कानशीने घासून मोठा केला होता. गाडी खरोखर जोरात पळू लागली. ब्रेक मात्र मूळचेच, आणि लायनर झिजलेले. कोणी सांगितले नव्हते असे नाही. मी ऐकले नव्हते. एका रात्री अक्कलकोटकडून येताना समोर उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. दिसली तेव्हा मी ब्रेक दाबला, गाडी थांबत आली, पण ट्रॉलीच्या आधी नव्हे. हाड जुळले, पण थंडीत मनगट अजून बोलते. ट्रॉलीवाल्याची चूक होतीच. पण पदार्थविज्ञानाला चूक कोणाची हे विचारायची सवय नाही.

तो हिशेब मी तेव्हा केला नव्हता, तो आता केला. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायर आणि रस्ता यांचा घर्षणगुणांक ०.७ धरू. थांबायला लागणारे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × ०.७ × ९.८). शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. त्या सेकंदात गाडी पूर्ण वेगाने पुढे जातच असते. ताशी ८० ला हे एकूण अंतर येते ५८ मीटर. ताशी १६० ला १८८ मीटर. दुधनीच्या फलाटावर उभे राहून एवढे अंतर नजरेने मोजून पाहा.

रात्री समोरून वाहन येत असताना दिवे खाली करावे लागतात. मग पुढचा रस्ता चांगला दिसतो तो साधारण ४५ मीटरपर्यंत. आता उलटा प्रश्न विचारू : ४५ मीटरांत थांबायचे असेल तर वेग किती हवा? वर्गसमीकरण सोडवा. उत्तर ताशी ६८ कि.मी. त्यापुढचा प्रत्येक किलोमीटर आपण न दिसणाऱ्या रस्त्यावर चालवत असतो. इंजिन ६३ अश्वशक्तीचे असो की १६३ चे, हा ६८ बदलत नाही.

आणि थांबताना ती ऊर्जा जाते कुठे? ताशी १६० वेगाच्या १७०० किलोच्या गाडीत सुमारे १७ लाख जूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होते. सिएराला पुढे डिस्क ब्रेक आहेत. पुढच्या दोन तबकड्यांचे मिळून वजन १२ किलो आणि त्यांच्या वाट्याला सत्तर टक्के ऊर्जा असे धरले, तर एकदा थांबल्याने त्यांचे तापमान सुमारे २१० अंशांनी चढते. ८० वरून थांबलो तर फक्त ५३ अंश. लागोपाठ दोन-तीनदा जोरात ब्रेक लावला तर तबकड्या कुठे पोचतील ते पाहा.

मिस्त्रींनी ब्रेक-तेलाच्या टाकीचे झाकण उघडले तेव्हा आतला द्रव चहासारखा तपकिरी झाला होता. हा द्रव हवेतले पाणी शोषतो. डॉट ३ दर्जाचा नवा द्रव निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर हाच उत्कलनबिंदू १४० पर्यंत उतरू शकतो. तबकडीची उष्णता पॅडमधून द्रवापर्यंत पोचली आणि तो उकळला, तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाखालचा पेडल मऊ लागतो, जमिनीपर्यंत जातो, आणि चाकांपर्यंत काहीच पोचत नाही. पास्कलचा नियम तुम्ही पाठ केला असेल. तो नियम अशा वेळी कोणाचा तरी जीव वाचवतो किंवा वाचवत नाही.

हे ऐकून विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मग करायचं काय हिचं?"

काय केले

कायद्याचा भाग आधी सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून वेगळी होईल अशी गाडी मालकाला मनाने बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. मान्यता मिळालेला गॅसचा किंवा विजेचा संच बसवता येतो, पण परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन. अशा संचांच्या चाचण्या पुण्याच्या ए.आर.ए.आय. सारख्या संस्थेत होतात; ही संस्था १९६६ पासून मोटारींची तपासणी करते आहे. म्हणजे दुसऱ्या जातीचे मोठे इंजिन टाकण्याचा बेत रस्त्यापुरता तरी तिथेच संपला. ज्यांना शून्यातून गाडी बनवायची हौस आहे त्यांच्यासाठी २००७ पासून अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची बाहा नावाची स्पर्धा भरते. तीत सगळ्या संघांना एकाच प्रकारचे लहान इंजिन वापरावे लागते, त्यामुळे सगळी चुरस सांगाडा, वजन आणि ब्रेक यांची.

सिएराच्या बाबतीत आम्ही हॉट रॉडवाल्यांचा जुना धडा घेतला : घालण्याआधी काढा. पुढच्या बंपरवर कोणीतरी जाडजूड लोखंडी गार्ड बसवला होता. असे गार्ड डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने बेकायदा ठरवले, कारण धडकेत ते पादचाऱ्याला अधिक इजा करतात. तो काढला. छतावरचे लोखंडी कॅरिअर काढले. ते नुसते जड नव्हते, गुरुत्वमध्य वर नेत होते आणि हवेला अडवत होते. गोणपाटे, गंजलेली साखळी, कोण जाणे कधीची दोन वजने बाहेर आली. पुन्हा काट्यावर घेतली : १५५० किलो. ९० किलो कमी. शक्ती तीच, पण टनामागचा हिशेब साडेपाच टक्क्यांनी सुधारला, आणि हीच सुधारणा ब्रेकच्या उष्णतेच्या हिशेबातही मिळाली. इंजिनाची शक्ती वाढवून थांबण्याला काडीची मदत होत नाही. वजन कमी केले तर दोन्हीकडे होते.

मग हवेचा गाळणारा भाग आणि डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल तपासून घेतले. ब्रेकचे तेल, पुढचे पॅड, मागचे लायनर, रबरी नळ्या नव्या. टायरही नवे, मूळ मापाचेच. विद्यार्थ्याला मोठे टायर हवे होते, दिसायला रुबाबदार म्हणून. पण टायरचा घेर पाच टक्के वाढला, तर वेगदर्शक ८० दाखवत असताना गाडी ८४ ने धावते. तो फेरे मोजतो, अंतर नव्हे.

बंदच्या दुसऱ्या एका दिवशी आवारातल्या फरशीवर चुन्याची रेघ ओढली. ताशी ४० वेगाने येऊन रेघेवर ब्रेक. दुरुस्तीपूर्वी हाच प्रयोग केला होता तेव्हा गाडी १४ मीटर जाऊन, डावीकडे ओढत थांबली होती. आता साडेनऊ मीटर, आणि सरळ. आपल्या सूत्राने उत्तर येते ९. विद्यार्थी टेप धरून तिथेच बसला आणि तीनदा मोजून आला. नंतर त्याने मला विचारले, की घर्षणगुणांक ०.७ धरला तो खरा ०.६६ असेल काय. साडेनऊवरून उलटा हिशेब करून त्याने तो स्वतःच काढला होता.

तुमच्यापाशी सिएरा नसेल, पण सायकल आहे. सपाट, मोकळ्या जागेत पन्नास मीटर अंतरावर दोन रेघा ओढा आणि जवळ घड्याळ घेऊन मित्राला उभे करा. पन्नास मीटर सारख्या वेगाने कापून दुसऱ्या रेघेवर पायडल मारणे थांबवा, ब्रेक लावू नका, आणि सायकल किती दूर जाऊन थांबते ते पावलांनी नव्हे, टेपने मोजा. पहिल्या वेळेवरून वेग काढा, वेग आणि अंतर यांवरून मंदन काढा. मग टायरांत हवा भरून पुन्हा. मग मागे मित्राला बसवून पुन्हा. वजन वाढल्यावर सायकल लवकर थांबेल की तेवढेच अंतर जाईल, याचा अंदाज प्रयोगापूर्वी वहीत लिहून ठेवा. माझ्या वर्गात निम्म्यांहून अधिक मुलांचा तो चुकला होता.